बाहेरगावच्या मॅचेस

काका,

तुम्हाला मी कधी काका म्हटलं नाही. रेडिओ स्टेशनवर सगळे तुम्हाला पहिल्या नावाने हाक मारायचे, म्हणून मीही मारायचे, आणि बाबांपेक्षाही मोठ्या माणसाला असं नावाने बोलवताना पहिले काही महिने माझी जीभ अडखळायची. आज मराठीत लिहायला बसले तर ते नाव कागदावर उतरतच नाही. घरी आई तुम्हाला 'रेडिओकाका' म्हणायची, तेच चालवून घ्या. तुम्हाला मराठी कळत नव्हतं हे मला ठाऊक आहे. पण इंग्रजीत मी पोटासाठी बोलते; इंग्रजीत लिहायला घेतलं की दुसऱ्या ओळीपासून कॉमेंट्री सुरू होते, आणि आज जे सांगायचं आहे ते त्या आवाजात सांगता येणार नाही.

नागपूरहून आम्ही अमेरिकेत ईडन प्रेरीला आलो तेव्हा मी बारा वर्षांची होते. बाबांच्या ओळखीतल्या सगळ्यांची मुलं कॉम्प्युटरकडे गेली, मी इलेक्ट्रॉनिक्स शिकून रेडिओ स्टेशनवर लागले. गणपतीच्या जेवणात कुणीतरी काकू हमखास विचारायच्या, "कंपनी कोणती गं तुझी?" आणि मी तोंड उघडायच्या आत आई म्हणायची, "इंजिनियर आहे ती." माझं काम तुमच्या शेजारी बसायचं होतं. गावच्या बास्केटबॉल टीमच्या सगळ्या मॅचेस तुम्ही एकट्याने सांगायचात, जोडीला दुसरा कुणी नाही. कोर्टाच्या कडेला आपलं टेबल, इतकं जवळ की खेळाडूंच्या घामाचे थेंब माझ्या वायरींवर पडायचे. काळ्या पेटीतला मिक्सर उघडून मी तुमचा आवाज आणि प्रेक्षकांचा आवाज एकमेकांत बसवायचे आणि बाकी वेळ गप्प राहायचे. एकदा सरावाच्या वेळी तुम्ही सहज म्हणून तुमचा हेडसेट माझ्या डोक्यावर चढवलात आणि म्हणालात, सांग बघू. मी सांगायला लागले. सुंदर शॉट, म्हणाले. तुम्ही लगेच हेडसेट काढून घेतलात. "सुंदर होता हे मला सांगू नकोस. तो कुठे उभा होता, अंगावर कोण आलं होतं, पाय जमिनीवर होते की नव्हते, ते सांग. सुंदर की काय ते गाडी चालवणारा माणूस आपलं आपण ठरवेल." मला रडू आलं होतं. घरी जाताना गाडीत मी रस्त्यावरच्या ट्रकांची कॉमेंट्री केली, एकदाही सुंदर न म्हणता.

मग तो सप्टेंबर आला, विमानं इमारतींवर आदळली तो. त्याबद्दल मी नवीन काय लिहिणार. आमच्या घरात काय झालं तेवढं सांगते, कारण तेव्हा ते मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. आईने बाहेर जाताना टिकली लावणं बंद केलं. बाबांनी गाडीच्या मागच्या काचेवर झेंड्याचा स्टिकर लावला आणि शेजाऱ्यांशी जरा जास्तच मोठ्याने हवापाण्याच्या गप्पा मारायला लागले. मी वायरींनी भरलेली काळी पेटी घेऊन विमानतळांवर फिरणारी सावळी मुलगी होते. टीमच्या विमानात रेडिओसाठी एकच जागा असायची, ती तुमची. मी साध्या विमानाने मागून यायचे. रांगेत उभी राहिले की लोकांची नजर आधी पेटीवर जायची, मग माझ्या तोंडावर, मग परत पेटीवर. मला विमानाची भीती कधीच नव्हती. मला त्या नजरेची भीती वाटायची.

त्या सीझनच्या पहिल्याच दौऱ्याला तुम्ही टीमच्या विमानातून दार लावायच्या आधी उतरलात. पोट बिघडलंय म्हणून सांगितलंत. नंतर मला विचारलंत, तू कोणत्या फ्लाइटने जातेस, मीही तुझ्याबरोबर येतो, पोरं फार मोठ्याने गाणी लावतात. मला वाटलं, मला सोबत म्हणून येताय, आणि मी मनातल्या मनात तुमचे आभार मानले. पण विमान सुटायला लागलं की तुमच्या हातांच्या शिरा वर यायच्या. पाण्याचा ग्लास तुम्ही दोन्ही हातांनी धरायचात. तीस वर्षं या टीमबरोबर देशभर उडालेला माणूस खिडकीचं झाकण खाली ओढून डोळे मिटून बसायचा.

मग त्याच सीझनमधला तो दिवस. बर्फ पडत होता. मॅच दुसऱ्या दिवशी संध्याकाळी होती. विमान अजून गेटलाच आहे. दार उघडं आहे, उशिरा आलेली माणसं वर सामान ठेवताहेत. पलीकडच्या रांगेतली बाई माझ्या पायाशी असलेल्या पेटीकडे बघते. पेटीचं एक बक्कल तुटलेलं आहे, फटीतून लाल वायर दिसते. ती उठते, पुढे जाते, हवाईसुंदरीच्या कानात काही सांगते. मला सगळं कळतं. खरं तर ती उठायच्या आधीच मला कळलेलं असतं. थोड्या वेळाने हवाईसुंदरी येते आणि अगदी गोड आवाजात म्हणते, "मॅम, सामान घेऊन जरा माझ्याबरोबर बाहेर येता का?" तुम्ही डोळे उघडता. "ती माझी इंजिनियर आहे," तुम्ही म्हणता. "सर, तुम्ही बसून राहिलात तरी चालेल," ती म्हणते. तुम्ही उभे राहता, कोट उचलता, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणता, "ती उतरणार असेल तर मीही उतरतो."

बाहेरच्या त्या बोगद्यासारख्या वाटेत दोन अधिकारी उभे होते. त्यांनी पेटी उघडायला लावली. हे बटण कशाचं, ही वायर कुठे जाते, तुमचा जन्म कुठला. मी नागपूर म्हणाले, आणि माझा आवाज मलाच चोरट्यासारखा ऐकू आला. तुम्ही मध्ये काहीतरी बोललात तेव्हा दोघांतल्या जाड्या अधिकाऱ्याने तुमच्याकडे नीट पाहिलं. "हा आवाज मी ओळखतो," तो म्हणाला, "मी रोज गाडीत ऐकतो." मग सगळं पाच मिनिटांत संपलं. त्याने माझी माफी मागितली, पेटीचं झाकण स्वतः लावून दिलं, कॅप्टन बाहेर येऊन म्हणाला की तुम्ही दोघं आत येऊ शकता. तुम्ही म्हणालात, "नको." मी तुमच्याकडे बघतच राहिले. आतून दार लागलं, विमान मागे सरकलं, आणि आपण दोघं तिथे पेटी घेऊन उभे. माझ्यासाठी एवढा मानी माणूस विमान सोडतो, या विचाराने मला हुंदका फुटला.

तुम्ही मला घरी सोडायला आलात आणि आईने तुम्हाला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. त्या दिवशी पाटवडीचा रस्सा होता. मी ओट्याशी उभी राहून सगळं सांगितलं आणि आईचा हात पळीवर तसाच थांबला. "नाव लिहून घेतलं का त्यांनी? बाबांच्या ऑफिसात कळेल का?" तिने विचारलं. मग अगदी हळू म्हणाली, "सोड ही नोकरी. त्यांच्या पाया पडते हवं तर, पण उद्यापासून जाऊ नकोस." तुम्ही मला विचारलंत, काय म्हणतेय ती. मी म्हणाले, विचारतेय, तिखट तर नाही ना झालं. तुम्ही नाक पुसत म्हणालात, अजिबात नाही. जेवण झाल्यावर आई तुमच्यासमोर येऊन हात जोडून उभी राहिली आणि बाबांना म्हणाली, "सांगा त्यांना, माझ्या मुलीसाठी उतरलात, हे आम्ही विसरणार नाही." बाबांनी इंग्रजीत सांगितलं. तुम्ही मान खाली घालून ताटातला पाव रश्शात बुडवत राहिलात. मला तो तुमचा विनय वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान मिळालं असतं. तुम्ही स्टेशनला फोन करून कळवलंत की मॅच आपण इथूनच करू. स्टुडिओत टीव्ही लावला, त्यावरच्या चित्रावरून तुम्ही बोलायचं, प्रेक्षकांचा आवाज मी टीव्हीतून घ्यायचा. मी वायरी जोडत होते. तुम्ही दार लावून घेतलंत आणि उभ्या उभ्याच म्हणालात, "काल तुझ्या आईपुढे मला काही बोलता आलं नाही. मी तुझ्यासाठी उतरलो नाही. दार उघडं होतं, म्हणून उतरलो." तुम्ही म्हणालात, बसल्यापासून मी त्या दाराकडेच बघत होतो, ते कधी लागेल या विचाराने मला श्वास घेता येत नव्हता, आणि तेवढ्यात ती बाई उठली. मला राग यायला हवा होता. आला नाही. त्या सगळ्या महिन्यांत पहिल्यांदाच माझ्या शेजारी माझ्यापेक्षा जास्त घाबरलेलं माणूस उभं होतं, आणि मला कसलं तरी सुटल्यासारखं वाटलं. लगेच दुसरी भीती आली. तुम्ही गेलात तर माझं काय? या स्टेशनवर माझ्या बाजूने बोलणारं दुसरं कोण होतं?

त्या मॅचला कॅमेरा मधूनच प्रशिक्षकाच्या चेहऱ्यावर जायचा आणि कोर्ट दिसेनासं व्हायचं. तुम्ही तेवढ्या वेळात बॉल हवेत तरंगत ठेवायचात. शॉट गेलाय, उंच गेलाय, रिंगवर आपटलाय, अजून आपटतोय. तोवर चित्र परत यायचं. ऐकणाऱ्या कुणालाच कळलं नाही. मला मात्र तुमच्या कपाळावरचा घाम दिसत होता. पुढचे काही महिने बाहेरगावच्या सगळ्या मॅचेस आपण तशाच केल्या, आणि मग स्टेशनच्या मॅनेजरने तुम्हाला बोलावून सांगितलं की टीमला हे चालणार नाही. पुढच्या सीझनला विमानात बसा, नाहीतर खुर्ची सोडा.

तेव्हा तुम्ही मला तळ्यावर नेलंत. हिवाळा सरत आला होता. तुमचा पिकअप ट्रक काठावरून सरळ गोठलेल्या तळ्यावर चढला आणि मी दाराचं हँडल घट्ट धरलं. तुम्ही एका हाताने ड्राइव्ह करत होता आणि दुसऱ्या हातात कॉफी होती. मध्यावर मासे धरायला बर्फावर उभी केलेली तुमची लाकडी खोली, जमिनीला भोक, भोकाखाली काळं पाणी. आपण गळ टाकून बसलो आणि खालून आवाज आला, कुणी लांबवर जाड पत्रा वाकवावा तसा. माझ्या तोंडून आई गं निघालं. "बर्फ आहे, सरकतोय," तुम्ही म्हणालात, "रात्रीतून जाड झालाय." मी म्हणाले, मला गाडीत जाऊन बसायचंय. "गाडी पण बर्फावरच आहे," तुम्ही म्हणालात आणि त्या हिवाळ्यात पहिल्यांदाच हसलात. मग सांगितलंत की गोळ्या घेऊन पाहिल्या, डॉक्टरकडे जाऊन पाहिलं, काही उपयोग नाही. इथल्या मॅचेस मी करीन, बाहेरच्या तू कर. मी नाही म्हणाले. मी म्हणाले, माझं नाव ऐकून लोक रेडिओ बंद करतील. तुम्ही गळ वर ओढलात, रिकामा होता, परत सोडलात. "करतील थोडे," तुम्ही म्हणालात. "स्कोअर कळायला परत लावतील."

मॅनेजरने ते मान्य केलं, फक्त माझं नाव लहान करायला सुचवलं. मी तयारही झाले होते. तुम्ही त्याला म्हणालात, युरोपातून आलेल्या आपल्या सेंटर खेळाडूचं आडनाव मी आठवडाभर बाथरूममध्ये पाठ केलं, हिचं दोन दिवसांत होईल. पहिल्या मॅचच्या आधी मी हॉटेलच्या खोलीत पलंगावर कोट घालून बसले होते. बाहेर बर्फ नव्हता, काही नव्हतं, तरी थंडी वाजत होती. तुमचा फोन आला. मला वाटलं काही धीराचं बोलाल. तुम्ही म्हणालात, "मी भांडी घासत ऐकणार आहे. स्कोअर कळला नाही तर मला नळ बंद करावा लागेल. तेवढं करायला लावू नकोस." त्या मॅचचं मला काही आठवत नाही. मी सारखा स्कोअर सांगत होते, इतका की नंतर तुम्ही म्हणालात, सगळी भांडी झाली, शेजाऱ्यांकडून आणखी मागवावी लागली.

मग ते फोन सुरू झाले. बाहेरगावची मॅच झाली की स्टेशनवर एका माणसाचा फोन यायचा, ही बाई कुठून आणली, हिला परत कधी पाठवणार. आवाज अगदी शांत असायचा, शिव्या नाहीत. मी गार्डला गाडीपर्यंत बरोबर यायला सांगायचे, आधी मागची सीट बघायचे मग दार उघडायचे. आईला यातलं काही सांगितलं नाही. तुम्हाला सांगितलं, आणि तुम्ही म्हणालात, "यावर मला काही येत नाही." मला ते आवडलं होतं. दोन हिवाळ्यांनंतर ते फोन एकाएकी थांबले. का, ते कळलं नाही. थांबल्यावर कित्येक दिवस मला जास्त भीती वाटत राहिली, कारण आधी तो निदान फोनवर आहे हे तरी कळायचं.

पाच-सहा वर्षं आपण एक टीम वाटून घेतली. तुम्ही घरच्या मॅचेस, मी बाहेरच्या. मग स्टेशनने ठरवलं की एकच आवाज पुरे, आणि तो तरुण असावा, म्हणजे माझा. ते मला आधी कळलं, तुम्हाला नंतर. मी तुमच्या घरी आले तर तुम्ही गॅरेजमध्ये बर्फाला भोक पाडायचं यंत्र पुसत होता. म्हणालात, ये, हे धर. मी नकार द्यावा असं तुमच्या चेहऱ्यावर क्षणभर तरी दिसेल म्हणून मी बघत होते. दिसलं नाही. "तू नाही म्हणालीस तर ते मला ठेवणार नाहीत, तिसऱ्याच कुणाला आणतील," तुम्ही म्हणालात, "आणि तो सुंदर सुंदर म्हणत बसेल." पुढच्या हिवाळ्यात तुम्ही घरी, खुर्चीत बसल्या बसल्या गेलात. हृदय. मी टीमबरोबर बाहेरगावी होते. संध्याकाळी मॅच होती, ती मी केली.

तुमच्या शोकसभेत मॅनेजर बोलला. विमानातून उतरल्याची गोष्ट त्याने फार छान सांगितली, लोकांनी डोळे पुसले. पुढच्या ओळीत बसलेले आईबाबाही रडत होते. तुमच्या पत्नी माझ्या शेजारी होत्या. त्यांनी माझा हात दाबला आणि समोर बघतच हळू म्हणाल्या, "त्याला दार दिसत होतं." मी म्हणाले, "मला माहीत आहे." त्या म्हणाल्या, "मला वाटलंच, तुला सांगितलं असेल." मॅनेजरला टाळ्या मिळाल्या.

त्यालाही आता खूप वर्षं झाली. आई पुन्हा टिकली लावते, बाबांच्या गाडीवरचा स्टिकर उन्हाने पांढरा पडला आणि मग गाडीच बदलली. विमानतळावर मुलं माझ्याकडे येऊन सांगतात की माझा आवाज ती गाडीत ऐकतात. नजरा अजून असतात, पण त्यांच्याबरोबर जगायला मी शिकले. विमानात मी नेहमी गाढ झोपायचे. मागच्या सीझनमध्ये मात्र एकदा बर्फाच्या वादळात आमचं विमान जमिनीला टेकता टेकता पुन्हा वर गेलं. परत खाली आलं, परत वर गेलं. मागे कुणीतरी मोठ्याने प्रार्थना म्हणत होतं. शेवटी नीट उतरलो, कुणाला खरचटलंसुद्धा नाही, खेळाडू हसत सामान घेऊन निघाले. मला पट्टा सोडता येईना. तेव्हापासून दार लावल्याचा तो दबका आवाज आला की माझ्या छातीवर कुणी बसतं. मी खिडकीचं झाकण ओढते. पाण्याचा ग्लास दोन्ही हातांनी धरते. टीमला, नवऱ्याला, डॉक्टरला, कुणालाच सांगितलेलं नाही. सांगितलं तर काय होतं ते मी पाहिलेलं आहे, आणि माझ्या शेजारी आता कुणी इंजिनियरही बसत नाही, वायरीच राहिल्या नाहीत.

तुम्हाला हे वीस-बावीस वर्षं आधी माहीत होतं, म्हणून तुम्हाला लिहिलं. पाठवायचं कुठे? तुमच्या पत्नीही गेल्या, घरात दुसरं कुणी राहतं. कागद घडी करून ड्रॉवरमध्ये टाकीन. आज सीझनचा पहिला दौरा आहे, विमान दुपारचं आहे. खरं सांगायचं तर पत्र लिहायचं असं मी आज काही ठरवलं नव्हतं. टॅक्सी खाली येऊन उभी आहे, ड्रायव्हरचा दोनदा फोन येऊन गेला, आणि मी अजून बूट घातलेले नाहीत.